फिरतीवरचा साडेअकरा इंची लॅपटॉप: निपाणी ते लोंढा, काय चालतं आणि काय अडतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांचं काम एका जागी बसून होत नाही, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. दूध सोसायट्यांचे हिशेब लिहिणारे, आठवड्यातून दोनदा कोल्हापूर गाठणारे कर सल्लागार, गावोगाव फिरणारे विमा प्रतिनिधी, प्रबंधाच्या कामासाठी दोन राज्यांत जा-ये करणारे विद्यार्थी. इथं कुठल्या एका कंपनीचं मॉडेल घेतलेलं नाही. १८ ते २५ हजारांच्या आसपास मिळणाऱ्या या वर्गातल्या बहुतेक लॅपटॉपचा आतला माल सारखाच असतो: ११.६ इंची पडदा, इंटेलचा सेलेरॉन एन४०२० किंवा त्याचा एखादा भाऊबंद, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी साठवण (मदरबोर्डवरच बसवलेली, एसएसडीहून संथ चिप) आणि किलोभर वजन. झाकणावरचं नाव तेवढं बदलतं.

लिहिणं, हिशेब, मेल, सरकारी फॉर्म, पीडीएफ एवढ्या कामांना हे यंत्र पुरतं. पण दुकानातून आणलं, पिशवीत घातलं आणि निघालात, तर पहिल्याच फेरीत ते पाय ओढतं. घरी एक संध्याकाळ बसून त्याची नीट मांडणी केली तर तीन-चार वर्षं इमानानं साथ देतं. म्हणून खाली गुणदोषांबरोबर ती मांडणीही दिली आहे.

खरेदी करताना सगळे आधी प्रोसेसर विचारतात. फिरतीवाल्यानं आधी चार्जिंग विचारावं. या वर्गात दोन प्रकार दिसतात: जुनी गोल पिन आणि टाइप-सी. गोल पिनेचा अडॅप्टर घरी विसरला तर संकेश्वरात किंवा अथणीत त्याच मापाची पिन मिळेलच असं नाही. पिनेची जाडी कंपनीप्रमाणे बदलते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानंही ती सैल बसते. सैल पिन बसच्या धक्क्यानं सुटत राहते, आतला सोल्डर हलतो आणि काही महिन्यांत जॅक बदलायची पाळी येते. टाइप-सी असेल तर फोनच्या ४५ वॅटच्या पीडी (‘पॉवर डिलिव्हरी’, टाइप-सीतून जास्त वीज देणाऱ्या) चार्जरवर काम भागतं. पण एक फसगत लक्षात ठेवा. बाजूला टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. काही लॅपटॉपमध्ये ते फक्त डेटासाठी असतं. दुकानातच पीडी चार्जर लावायला सांगा आणि पडद्यावरच्या बॅटरीच्या चित्रावर प्लगची खूण येते का ते डोळ्यांनी बघा. दुकानदाराच्या शब्दावर हा एक मुद्दा सोडू नका.

अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचण्यासारखी असतात. तिथं इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं हवं. रेल्वेच्या पुष्कळ डब्यांतल्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात. मूळ अडॅप्टर त्यावर चालतो, पण नकली अडॅप्टरवर कधी कधी नुसतं २२०-२४० छापलेलं असतं आणि तो गाडीत मुका बसतो. शिवाय रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत आगीच्या भीतीनं गाड्यांतले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचा रेल्वेचा २०२१चा निर्णय आहे. तेव्हा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रीचं बेंगळूरला निघणाऱ्यानं ११ वाजायच्या आत बॅटरी भरून घ्यावी. पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगाववरून धावते. तिच्यात बसल्या जागी सॉकेट मिळतं, त्यामुळं ही चिंता उरत नाही. लॉजमधली आणि बसस्टँडवरची सॉकेटं वापरून वापरून सैल झालेली असतात. मीटरभर वायरीचं छोटं एक्स्टेन्शन बरोबर असलं की जड अडॅप्टर लोंबकळून निसटत नाही. आणि गावात लाईट गेली की अडॅप्टर लगेच काढून ठेवा, परत येताना होणारा व्होल्टेजचा झटका अडॅप्टरच्या वाट्याला येतो.

आता बॅटरीचा हिशेब. या वर्गात साधारण ३८ वॅट-अवरची बॅटरी असते. उजेड निम्म्यावर ठेवून वर्ड किंवा एक्सेल चालवलं तर लॅपटॉप ५ ते ७ वॅट खातो, म्हणजे साडेपाच ते साडेसात तास. ब्राउझरमध्ये दहा टॅब, फोनचा हॉटस्पॉट आणि उजेड पूर्ण असला की ९-१० वॅट, म्हणजे जेमतेम चार तास. खोक्यावर छापलेले ‘१० तास’ विसरा. बेळगाव ते कोल्हापूर बसनं अडीच तासांच्या आसपास लागतात, त्यामुळं जाऊन-येऊन आणि मधे थोडं काम एवढं एका भरणीत बसतं. पुणं गाठायचं असेल तर नाही बसत. टाइप-सी चार्जिंग असेल तर २०,००० एमएएचची पीडी पॉवर बँक घ्या. ३.७ व्होल्टनं गुणलं की ती ७४ वॅट-अवर होते, रूपांतरात जाणारी वजा करता हातात ६० च्या आसपास उरते, म्हणजे लॅपटॉप दीड वेळा भरतो. पॉवर बँकेचं आउटपुट किमान ३० वॅट, शक्यतो ४५ हवं. १८ वॅटची बँक लावली तर कित्येक लॅपटॉप तिला ओळखतच नाहीत. सांबऱ्याहून विमानानं जाणार असाल तर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात चालत नाही. १०० वॅट-अवरच्या मर्यादेत ७४ बसते.

बसमध्ये काम करायचं तर पडदा आणि कीबोर्ड दोन्हींच्या मर्यादा ओळखून. पडदा १३६६ बाय ७६८ चा, बहुधा टीएन जातीचा (स्वस्तातला, बाजूनं पाहिलं की फिका दिसणारा) आणि मंद असतो. दुपारी खिडकीच्या बाजूला ऊन आलं की त्यात आपलंच तोंड दिसतं. उत्तरेला निघताना सकाळी ऊन उजवीकडून येतं, तेव्हा डावीकडची सीट धरा. चाकावरची सीट टाळा, मधल्या सीटला हादरे कमी. साडेअकरा इंचाचा मोठा फायदा इथंच कळतो: समोरच्यानं सीट मागं टाकली तरी हा लॅपटॉप पूर्ण उघडतो, पंधरा इंची निम्म्यात अडकतो. टाइप करताना तळहात टचपॅडला लागून कर्सर भलतीकडं उडतो, तेव्हा वरच्या ओळीतल्या कळीनं टचपॅड बंद करा आणि बाणांच्या कळांवर काम करा. चोर्ला घाटात मात्र झाकण मिटलेलंच बरं. त्या वळणांवर दहा मिनिटं पडद्याकडं पाहिलं की पोट ढवळतं, त्याला कुठलाच लॅपटॉप इलाज नाही.

या यंत्रांत पंखा नसतो. शहरातले परीक्षणकर्ते याला आवाज नाही म्हणून चांगलं म्हणतात, पण आपल्याकडं त्याचं मोल वेगळं आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बसून वजनाच्या नोंदी करायच्या असतील तर पंखेवाला लॅपटॉप ती बारीक भुकटी आत ओढून घेतो, पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसतो आणि वर्षभरात यंत्र तापून बंद पडायला लागतं. खानापूरकडच्या रस्त्यांवरची तांबडी मातीही तेच करते. बिनपंख्याच्या यंत्रात धूळ कळांच्या फटीपर्यंतच जाते. मऊ ब्रशनं आठवड्याला झाडली की झालं. हा एकच गुण वखारवाल्यांना आणि साखर कारखान्याच्या गटात फिरणाऱ्यांना पुरेसा आहे, असं आमचं ठाम मत आहे. उलट बाजू अशी की उष्णता बाहेर टाकायला पंखा नसल्यानं मांडीवर उशी किंवा पिशवी घेऊन वर ठेवला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. खाली वही किंवा पातळ पुठ्ठा ठेवा.

झाकणाची सेटिंग पहिल्याच दिवशी बदला, कारण पुष्कळ तक्रारी तिथूनच येतात. झाकण मिटलं की विंडोज लॅपटॉप झोपवतं, पण ती झोप कच्ची असते. पिशवीत तो मधेच जागा होतो, मेल बघतो, अपडेट उतरवतो, तापतो, आणि बेळगावला ८० टक्के असलेली बॅटरी कोल्हापूरला निम्म्यावर आलेली सापडते. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, झाकण मिटल्यावर काय करायचं तिथं जा आणि बॅटरीवर असताना व चार्जर लावलेला असताना, अशा दोन्ही ठिकाणी हायबरनेट (चालू काम साठवणीत ठेवून यंत्र पूर्ण बंद करणं) निवडा. हायबरनेट यादीत दिसत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, powercfg /hibernate on असं टाइप करून एंटर दाबा आणि हे पान पुन्हा उघडा. उघडताना थोडं जास्त थांबावं लागतं, पण बॅटरी जागच्या जागी राहते.

साठवण ही या यंत्रांची खरी दुखरी नस. खोक्यावर ६४ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज दाखवतं ५८-५९. त्यातले २५-३० जीबी विंडोज आणि त्याचा राखीव भाग खातो. ऑफिस, ब्राउझर, टॅली घातलं की हातात वीसेक जीबी राहतात, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या अपडेटला तेवढीच मोकळी जागा लागते. जागा नसली की अपडेट अर्ध्यावर अडकतं आणि रोज नव्यानं प्रयत्न करत यंत्र मंदावतं. उपाय साधा: पहिल्या दिवशीच १२८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड घाला. फोटो, पीडीएफ, डाउनलोड, जुने हिशेब सगळं कार्डावर. सेटिंगमध्ये स्टोरेजखाली नव्या फायली कुठं जायच्या ते बदलता येतं. मात्र टॅलीचा चालू डेटा कार्डावर ठेवू नका. धक्क्यानं कार्ड क्षणभर सुटलं आणि त्याच क्षणी नोंद लिहिली जात असेल तर कंपनीची फाइल बिघडते. चालू डेटा आत, बॅकअप कार्डावर, दुसरा बॅकअप मेलवर. जागा वाचवायला हायबरनेट बंद करा असा सल्ला ठिकठिकाणी वाचायला मिळतो. त्यानं दीड-दोन जीबी सुटतात खरं, पण फिरतीवाल्यानं तो ऐकू नये, वर सांगितलेली झाकणाची सोय त्यातच जाते.

४ जीबी रॅममधली निम्मी विंडोजच घेतं. उरलेल्यात एक्सेल आणि चार-पाच टॅब बसतात. सहावा, सातवा टॅब उघडला की यंत्र रॅमऐवजी ईएमएमसीवर लिहायला लागतं, आणि ईएमएमसी संथ असल्यानं माऊससुद्धा अडखळतो. टास्क मॅनेजरमधून सुरुवातीला आपोआप चालू होणारे कार्यक्रम बंद करा आणि ब्राउझरमधली मेमरी सेव्हर चालू ठेवा. रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, पुढं वाढवता येत नाही. ‘नंतर बघू’ ही वाट इथं बंद आहे, त्यामुळं ८ जीबीचा पर्याय दोन-तीन हजारांच्या फरकानं मिळत असेल तर डोळे मिटून घ्या.

यातली पुष्कळ यंत्रं विंडोजच्या एस मोडमध्ये येतात. त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही, टॅलीही नाही आणि डिजिटल सहीची सॉफ्टवेअरंही नाहीत. सेटिंगच्या अ‍ॅक्टिव्हेशन भागातून एस मोड फुकट काढता येतो, पण परत लावता येत नाही. जीएसटीचं काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं: डिजिटल सहीचा टोकन (पेन ड्राइव्हसारखा तुकडा) जुन्या चपट्या यूएसबीचा असतो. तसं किमान एक पोर्ट हवंच. नुसत्या टाइप-सीवाल्या यंत्राला जोडणी लागते आणि ती नेमकी घरी राहते.

आता भाषा, सीमाभागातला सगळ्यात आपला मुद्दा. जमीन निम्मी इकडं, निम्मी कागल तालुक्यात, असं असलं की कर्नाटकचा उतारा कन्नडमध्ये आणि महाराष्ट्राचा सातबारा मराठीत, दोन्ही एकाच यंत्रावर लागतात. वाचण्याची अडचण नाही, विंडोजचा निर्मला फॉन्ट दोन्ही लिप्या दाखवतो. लिहिण्यासाठी सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेज उघडून मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जोडा. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की कीबोर्ड बदलतो.

मराठीत इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा) असे दोन कीबोर्ड मिळतात. फोनेटिक पहिल्या दिवशी सोपा वाटतो, तरी आमचा आग्रह इन्स्क्रिप्टचा. कारण भारतीय लिप्यांत त्याच्या कळा एकाच जागी असतात. ‘खानापूर’ लिहून बघा: शिफ्ट आणि के म्हणजे ख, ई म्हणजे काना, व्ही म्हणजे न, पुन्हा ई, एच म्हणजे प, टी म्हणजे दीर्घ ऊकार, जे म्हणजे र. आता कन्नड कीबोर्ड लावून त्याच कळा दाबा, कन्नडमध्ये तेच नाव उमटतं. कन्नडमध्ये ‘पु’ ऱ्हस्व लिहितात म्हणून टीच्या जागी जी, एवढाच फरक. ळ दोन्हीकडं शिफ्ट आणि एनवर. कन्नडमधले ऱ्हस्व ए आणि ओ मराठीत नाहीत, त्यांच्या कळा तेवढ्या नव्यानं शिकाव्या लागतात. एकदा बोटांना वळण पडलं की कन्नड अर्ज लिहायला दुसऱ्याच्या दारात जावं लागत नाही. आपल्या भागात ही गोष्ट छोटी नाही.

फॉन्टचे दोन खड्डे आहेत. पहिला: विंडोज १० आणि ११ मध्ये मंगल फॉन्ट आणि कन्नडचा तुंगा हे जादा फॉन्टांच्या संचात गेले आहेत. भाषा जोडली की ते उतरतात, पण त्याला इंटरनेट लागतं. हे काम घरच्या वायफायवर उरकून घ्या. दुसरा खड्डा जुन्या फायलींचा. नुडीच्या जुन्या फॉन्टातलं कन्नड पत्र किंवा श्रीलिपीतला मराठी मजकूर तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, ती युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर तीच अक्षरं दाखवणाऱ्या पद्धतीत) नसते. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा. झेरॉक्सच्या दुकानात छापायला देतानाही पीडीएफच द्या, त्यात फॉन्ट आत बांधलेला असतो आणि जोडाक्षरं फुटत नाहीत. शक्यतो ती मेलनं पाठवा. गावातल्या दुकानांतून फिरलेला पेन ड्राइव्ह परत येताना व्हायरस घेऊन येतो.

नेटवर्कबाबत थोडक्यात. कोगनोळी टोलनाक्याच्या आसपास फोन कर्नाटक सर्कलमधून (मोबाइल कंपन्यांच्या विभागातून) महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये जातो, चोर्ल्याकडंही तसंच. त्या वेळी हॉटस्पॉट क्षणभर तुटतो, चालू असलेला फॉर्म कोरा होतो. नाका ओलांडेपर्यंत सरकारी फॉर्म सबमिट करायला घेऊ नका. फोनचं डेटा रोमिंग बंद असेल तर पलीकडं इंटरनेट अडू शकतं, ते चालू ठेवा. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये फोनचा हॉटस्पॉट ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेला) करा, नाहीतर दिवसाचा दीड जीबी डेटा विंडोजचं अपडेट एका बैठकीत गिळतं. सेटिंगमधून अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. निघायच्या आदल्या दिवशी थांबवा, परत आल्यावर घरी चालू करा. लोंढ्याच्या पुढं कॅसलरॉक ते कुळे हा टप्पा बोगद्यांचा आणि जंगलाचा आहे. तिथं इंटरनेटची आशा धरू नका, लागणाऱ्या फायली लोंढ्याच्या आधीच उतरवून ठेवा.

पावसाळ्यात खानापूर-जांबोटी भागात फिरणाऱ्यांनी बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची झिपवाली पिशवी ठेवावी. एसी डब्यातून दमट हवेत उतरल्यावर लगेच यंत्र उघडू नका, पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच राहू द्या.

याच पैशात दुसरं काय मिळतं? इंटेलच्या नव्या एन१०० प्रोसेसरचा लॅपटॉप बजेटात बसला तर एन४०२० कडं वळूनही बघू नका. एन१०० ला दोनाऐवजी चार कोअर आहेत, वीज तितकीच कमी लागते आणि व्हिडिओ न अडखळता चालतो. क्रोमबुक बॅटरीला चांगलं, पण टॅली आणि सहीचा टोकन त्यावर चालत नाही, तेव्हा ते विद्यार्थ्यांसाठीच. ऑफिसांतून निघालेले साडेबारा इंची जुने लॅपटॉपही या किमतीत मिळतात. कीबोर्ड उत्तम असतो, पुष्कळांत रॅम आणि एसएसडी बदलता येते. पण इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेची आणि कराची कामं करणाऱ्यांनी सातव्या पिढीपर्यंतचं यंत्र विंडोजसाठी घेऊ नये.

जुनं यंत्र घ्यायचं ठरलंच तर दुकानात कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश, त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाइप करून एंटर दाबा. जो अहवाल तयार होतो त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे शेजारी दिसतील. दुसरा आकडा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.